घशाच्या कॅन्सरला 'हीट' द्यायची म्हणतायत? मग आधी हे विचारून घ्या

आमच्या मामांना (निपाणीचे, सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला) घशाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला सापडला तेव्हा घरात जेवढी माणसं तेवढे सल्ले, कोण म्हणतंय बिब्बा घाला, कोण म्हणतंय डाग देणाऱ्याकडे न्या, आणि पुण्याच्या भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की हीट थेरपी आलीय, केमो-रेडिएशन सोडा. हे शेवटचं अर्धं खरं, म्हणून तेच जास्त घातक.

हिला हायपरथर्मिया म्हणतात. मशीननं गाठीचा भाग 40 ते 43 डिग्री सेल्सिअसवर साधारण तासभर ठेवतात, आठवड्यातनं एकदा-दोनदा. एवढ्यानं गाठ शिजत नाही ओ! रेडिएशननं तुटलेला डीएनए कॅन्सरची पेशी परत सांधायला बघते, ते सांधकाम उष्णता बिघडवते, शिवाय मोठ्या गाठीच्या पोटात ऑक्सिजन कमी म्हणून रेडिएशन तिथं कमी पडतं आणि नेमक्या त्याच पेशी उष्णतेला लवकर मरतात. म्हणजे ही जोडीला द्यायची गोष्ट, बदली नव्हे. मुंबईच्या नानावटी हॉस्पिटलात डॉ. नागराज हुइलगोळांच्या टीमनं 2010 ला ट्रायल छापली, नुसत्या रेडिएशनवर 42.4 टक्के पेशंटांची गाठ पूर्ण गेली, हीट जोडल्यावर 78.6 टक्के. आकडा भारी आहे, पण पेशंट पन्नासपेक्षा थोडेच जास्त होते हे पण ध्यानात ठेवा.

तर पहिल्यांदा नेहमीची ट्रीटमेंट ठरवून घ्या. घशाचा कॅन्सर वाढलेला असेल तर बहुतेक वेळा 70 ग्रे (रेडिएशन मोजायचं माप), आठवड्याला पाच असे 35 दिवस, म्हणजे सात आठवडे, आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, तोंडाचा असेल तर जमत असल्यास आधी ऑपरेशन. रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या, हे लोक विसरतात आणि नंतर दात काढायची वेळ आली की जबड्याचं हाड बरं न व्हायचा धोका असतो.

मग डॉक्टरांना विचारा, "डॉक्टर, हीटचं मशीन ह्याच बिल्डिंगमध्ये आहे काय?" कारण हीट आणि रेडिएशन एकाच दिवशी, लागोपाठ व्हायला पाहिजे, सकाळी बेळगावात रेडिएशन आणि दुपारी कोल्हापुरात हीट असलं चालत नाही. गाठीचं टेंपरेचर कशानं मोजणार तेही विचारा, त्याचं उत्तर धड नाही आलं तर मी तरी तिथनं उठेन. पेसमेकर, जबड्यात धातूची प्लेट, कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल तर विचारायच्या आधी सांगा. टेबलावर एका जागी चटका बसायला लागला की गप सोसत पडू नका, हाक मारा, पॉवर कमी करतात.

घरी शेक? अजिबात नको. रेडिएशनची कातडी नाजूक असते, गरम पाण्याची पिशवी लावली की फोड. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा, रोज तोंड उघडायचा व्यायाम करा, बस्स.

पैशाचं म्हणाल तर कर्नाटक सरकारच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात किंवा, तुमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 सीमागावांत असेल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेत, हीट पॅकेजमध्ये बसते काय ते आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) आधीच लिहून घ्या.

मामांना हीट मिळाली नाही, रेडिएशन होतं तिथं मशीनच नव्हतं आणि मशीनपायी रेडिएशन लांबवायचं नाही असं ठरलं. पण 35 पैकी 35 दिवस पूर्ण केले, ऊस आंदोलनानं हायवे अडवला त्या दिवशी सुद्धा, टू-व्हीलरवर आडवाटेनं.