रेडिएटरपुढची जाळी: घरी बनवा किंवा तयार घ्या, पण या चुका टाळा

नाशिकहून कुठल्याही दिशेला गाडी काढा, समोरून काहीतरी येऊन आदळतंच. पावसाळ्यात इगतपुरीकडे जाताना उखडलेली खडी, पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजूला कांद्याच्या ट्रकमधून उडणारी टरफलं, निफाडकडे उसाचं पाचट. रात्री समृद्धीवरून १२० च्या मर्यादेजवळ गाडी चालवली, तर सकाळी बंपरवर किड्यांचा थर असतो. त्यामुळे रेडिएटरपुढे जाळी बसवावी हा विचार चांगलाच आहे. पण जाळी चुकीची निवडली की दगड अडतो आणि त्याबरोबर हवाही अडते. मग कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि मालक कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप असं सगळं तपासत बसतो.

वाचवायचं काय, हेच न बघणं

बहुतेक गाड्यांमध्ये ग्रिलच्या मागे सगळ्यात पुढे रेडिएटर नसतो, एसीचा कंडेन्सर असतो. रेडिएटर त्याच्या मागे आणि पंखा त्याच्याही मागे. कंडेन्सरच्या नळ्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि त्यांतून जास्त दाबाचा गॅस फिरतो. टोकदार खडी नेमकी नळीवर बसली तर गॅस निघून जातो आणि बरेचदा अख्खा कंडेन्सर बदलावा लागतो. रेडिएटरपर्यंत दगड क्वचितच पोचतो. त्याला खरा त्रास होतो तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचणाऱ्या धूळ, टरफलं आणि किड्यांचा.

खडी पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडते, म्हणून ती खालून येते. असं असूनही लोक वरच्या ग्रिलला चकचकीत जाळी बसवतात आणि बंपरचं खालचं तोंड उघडं ठेवतात. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत वरची ग्रिल निम्मी-अधिक बंदच असते, तिथे नुसतं प्लास्टिक असतं. आधी टॉर्च घेऊन गाडीपुढे उकिडवे बसा आणि कंडेन्सर कुठल्या तोंडातून दिसतो ते बघा. जाळी तिथे हवी.

घरात उरलेली मच्छरजाळी लावणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जाळी फुकट असते, कात्रीने कापता येते आणि किडाही आत जात नाही. खरी अडचण तीच आहे. किडा आत जात नाही म्हणजे तो जाळीवरच चिकटतो. त्याच्यावर धूळ बसते, पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि दोन-तीन लांबच्या फेऱ्यांत निम्मी भोकं बुजतात. इतक्या बारीक भोकात पाणीही थेंब धरून राहतं, त्यामुळे मुसळधार पावसात जाळी ओल्या फडक्यासारखी होते.

हार्डवेअरच्या दुकानात जाळी दोन आकड्यांवर मिळते, मेश आणि गेज. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं, आणि गेज म्हणजे तारेची जाडी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. हे दोन आकडे कळले की हवेसाठी किती जागा उरते ते घरीच काढता येतं. २५.४ ला मेशने भागा, म्हणजे एका घराची (एक भोक आणि एक तार मिळून) रुंदी मिलिमीटरमध्ये मिळेल. त्यातून तारेची जाडी वजा केली की भोक उरतं. भोकाला घराच्या रुंदीने भागा आणि आलेल्या उत्तराला त्यानेच गुणा.

१६ मेश, ३२ गेजची मच्छरजाळी घ्या. घर १.५९ मिमी, तार साधारण ०.२७ मिमी. मोकळी जागा येते सुमारे ६८ टक्के, तीही जाळी कोरी असताना. ४ मेश, २२ गेजची जाळी घेतली तर घर ६.३५ मिमी, तार ०.७१ मिमी आणि मोकळी जागा जवळपास ७९ टक्के. भोक साडेपाच मिलिमीटरच्या वर असल्याने किडे, धूळ आणि टरफलांचे तुकडे निघून जातात आणि नळी फोडणारी खडी अडते. आता तीच ४ मेश १६ गेजमध्ये घ्या. तार होते १.६३ मिमी आणि मोकळी जागा घसरून ५५ टक्क्यांवर येते. भोकं डोळ्यांना मोठी दिसतात, पण ही जाळी कोऱ्या मच्छरजाळीपेक्षाही जास्त हवा अडवते. दुकानदार ‘मजबूत आहे’ म्हणून जाड तारेची जाळी पुढे करतो, तेव्हा हा हिशेब आठवा. गाडीला खिडकीचा गज लावायचा नाहीये.

माझं मत विचाराल तर ४ मेश, २० ते २२ गेज, ३०४ ग्रेडची एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टीलची जाळी. ७० टक्क्यांच्या खाली मोकळी जागा असलेली कुठलीही जाळी मी गाडीला लावणार नाही. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची जाळी स्वस्त पडते, पण कापलेल्या कडांना जस्त उरत नाही आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी तर सोडूनच द्या, तिच्यातून खडी सरळ आत जाते. रंग द्यायचा असेल तर स्प्रेचा पातळ हात पुरे. ब्रशने जाड रंग लावला की कोपऱ्या-कोपऱ्यात पापुद्रे धरतात आणि भोकं लहान होतात.

तयार जाळी म्हणजे मापाचीच, असं समजणं

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात दोन प्रकारचा माल मिळतो आणि दोन्हीला ‘ग्रिल जाळी’च म्हणतात. एक म्हणजे त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनवलेली, चौकटीसकट येणारी. कडा बंद, क्लिप जागच्या जागी, काढता-घालता येणारी. अशी जाळी तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल आणि भोकं-तार वरच्या हिशेबात बसत असतील, तर घरी खटाटोप करू नका, पैसे देऊन मोकळे व्हा.

दुसरा माल म्हणजे ‘युनिव्हर्सल’ पत्रा. काळ्या रंगाचा, चौकोनी किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या घरांचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. हा मुळात शोभेसाठी असतो. यात बरेचदा पत्र्याला चिरा देऊन, तो ताणून भोकं पाडलेली असतात. त्यामुळे पट्ट्या तिरक्या उभ्या राहतात. समोरून भोक मोकळं दिसतं, पण जरा वरून किंवा खालून बघितलं की बंद. घेताना तुकडा उजेडासमोर धरा, हवा ज्या दिशेने येणार त्या दिशेने आरपार बघा आणि तो उलटा करून पुन्हा बघा. प्लास्टिकची क्रोम केलेली जाळी दगड अडवण्यासाठी नसतेच.

खालच्या तोंडासाठी युनिव्हर्सल पत्र्यापेक्षा घरी कापलेली एसएस जाळी मला केव्हाही बरी वाटते. सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे मोठ्या कामातून उरलेला तुकडा मिळाला तर काम आणखी स्वस्तात होतं.

जाळी कंडेन्सरलाच बांधणं

कंडेन्सरच्या नळ्यांमधल्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्यांमधून केबल टाय ओवून जाळी घट्ट बांधलेल्या गाड्या दिसतात. हे कृपया करू नका. टाय ओवताना नळीला इजा होऊ शकते. गाडी हादरली की स्टीलची तार मऊ अ‍ॅल्युमिनियमवर घासत राहते. शिवाय स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. जाळी बंपरच्या ग्रिलच्या पट्ट्यांना आतून बांधा. कंडेन्सरपासून किमान दोन-अडीच सेंटीमीटर लांब ठेवा. मध्ये हॉर्न किंवा तापमानाचा सेन्सर असेल तर त्याला धक्का लागू देऊ नका. कापलेल्या कडा कानसने घासा, त्यावर रबर बीडिंग चढवा आणि टाय उन्हात टिकणारे काळे घ्या. बंपरला भोकं पाडायची गरज नसते.

एडास, म्हणजे रडार-कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत पुढचं रडार बहुधा लोगोच्या मागे किंवा खालच्या ग्रिलमध्ये असतं. त्याच्यासमोर धातूची जाळी अजिबात नको. तेवढा भाग मोकळा सोडा, नाहीतर जाळीचा विचारच सोडा.

आणि उंदरांसाठी म्हणून ही जाळी लावत असाल तर उपयोग नाही. उंदीर इंजिनात खालून आणि चाकाच्या बाजूने चढतो.

लावली आणि विसरलो

जाळी काढून धुता आली पाहिजे. कांद्याच्या हंगामात आणि पावसाळा संपल्यावर ती काढा, मागच्या बाजूने साध्या पाइपने पाणी मारा. त्याच वेळी कंडेन्सरवरही हलक्या धारेने पाणी सोडा. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पापुद्रे आडवे होतात आणि मग जाळी नसतानाही हवा अडते.

जाळी नडतेय की दुसरंच काही?

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. आजच्या बहुतेक गाड्यांत तापमान बरंच वर-खाली झालं तरी काटा मध्येच थांबलेला दाखवतात. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला, लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, तो मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दाखवतो. जाळीशिवाय एकदा, जाळी लावून एकदा, त्याच घाटात, एसी चालू ठेवून, साधारण त्याच उन्हात आकडे बघा. दोन-तीन अंशांचा फरक चालेल. चढावर आकडा थांबायचं नावच घेत नसेल तर जाळी बदला.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी तापते आणि हायवेवर थंड होते, तर आधी पंखा तपासा. उलट, शहरात ठीक आणि राहुड घाटात किंवा सलग वेगात तापते, तर जाळी किंवा पापुद्र्यांतली घाण, नाहीतर आतून चोंदलेला रेडिएटर, असा क्रम धरा. सिग्नलला एसी गार करत नाही पण धावताना करतो, तर जाळी काढून त्याच रस्त्यावर पुन्हा बघा. जाळी काढूनही एसी कुठेच गार करत नसेल, तर कंडेन्सरवर धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर पडतं, त्यामुळे गळतीची जागा त्या डागावरून सापडते.

घाटातच तापमान चढू लागलं तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर करा, काचा खाली घ्या आणि रुंद जागा बघून थांबा. पंखा फिरत असेल आणि वाफ येत नसेल तर इंजिन थोडा वेळ चालू राहू द्या. वाफ दिसली किंवा पंखा बंद असेल तर इंजिन लगेच बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. गाडी निवली की टाय कापून जाळी काढा आणि पुढचा चढ तिच्याशिवाय पार करा. त्यासाठी एक छोटं कटर गाडीच्या कप्प्यात कायम ठेवा.