लिनक्सवर अडलात? मदत शोधताना आणि बातम्या वाचताना या चुका टाळा

लिनक्सवर काही बिघडलं आणि गुगल केलं की उत्तरांचा तुटवडा कधीच नसतो. पण त्यातलं बरंचसं दुसऱ्या कुणाच्या मशीनसाठी, दुसऱ्या डिस्ट्रोसाठी (लिनक्सचा एक तयार संच, जसं उबुंटू किंवा मिंट) आणि पाच-सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं असतं. बातम्यांचंही तेच. ‘लिनक्समध्ये भयंकर भगदाड’ असा मथळा झळकतो आणि तुमच्या मिंटमध्ये ते भगदाड आलेलंच नसतं. त्यामुळे सल्ला असो की बातमी, आधी एवढंच विचारा: हे माझ्या मशीनला लागू होतं का?

तारीख न बघता आज्ञा चिकटवणं

रिअलटेकची आरटीएल८८२१सीई ही वायफाय चिप घ्या. एचपी-लेनोव्होच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ती भरपूर आढळते. २०२० च्या एप्रिलमध्ये उबुंटू २०.०४ आलं, तेव्हा त्यात ५.४ कर्नल (लिनक्सचा गाभा) होता आणि त्यात या चिपचा ड्रायव्हरच नव्हता. गिटहबवरून ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि स्वतः कंपाइल करायचा (मूळ कोडपासून तयार करायचा), हा तेव्हा सर्रास सांगितला जाणारा मार्ग होता. तेव्हा लिहिलेली उत्तरं अगदी बरोबर होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५.९ कर्नल आला आणि या चिपचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच मिळू लागला.

आज मिंट २२ वापरणाऱ्याने तोच जुना उपाय केला तर? त्या सूचनांच्या पुढे सुधारलेल्या रूपात कर्नलमधला ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायची एक ओळ असते. सुरुवातीला सगळं ठीक चालतं. मग एखाद्या अपडेटबरोबर नवा कर्नल येतो. बाहेरचा ड्रायव्हर त्यावर कंपाइल होत नाही, आतला तर तुम्हीच बंद केलेला असतो. वायफाय जातं आणि दुरुस्ती शोधायला लागणारं इंटरनेटही त्याच्याबरोबर जातं.

असं झालंच असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, ते सहसा लगेच चालतं. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-के’ लावून चालवा. कुठल्या चिपला कुठला ड्रायव्हर लागलाय ते दिसेल. त्यानंतर ‘ईटीसी’मधलं ‘मॉडप्रोब.डी’ हे फोल्डर उघडा. तिथे तुम्ही जुन्या सूचनांबरहुकूम टाकलेली ब्लॅकलिस्टची फाइल बाजूला काढा, बाहेरचा ड्रायव्हर काढून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

उत्तर दोन-तीन वर्षांहून जुनं असेल तर त्यातलं निदान वाचावं, आज्ञा मात्र उचलू नयेत. ध्वनी, ग्राफिक्स आणि वायफाय या तीन विषयांत तर हे कटाक्षाने पाळा.

‘उबुंटूचं आहे, म्हणजे माझ्याकडेही चालेल’

मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियनवर. नातं खरं आहे, पण सगळं आपसांत बदलता येत नाही. मिंट २२ चं टोपणनाव ‘विल्मा’, तर त्याच्या पायाशी असलेल्या उबुंटू २४.०४ चं ‘नोबल’. बाहेरच्या एखाद्या रिपॉझिटरीच्या (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्याच्या) सूचना तुमच्या मशीनचं टोपणनाव आपोआप उचलतात, सर्व्हरवर ‘विल्मा’ नावाचं काहीच नसतं, आणि अपडेट करताना ४०४ किंवा ‘रिलीज फाइल नाही’ असा निरोप येतो. अशा वेळी ‘ईटीसी’मधली ‘ओएस-रिलीज’ ही फाइल वाचा. उबुंटूचं टोपणनाव तिच्यात दिलेलं असतं, रिपॉझिटरीच्या ओळीत ते घाला. डेबियनवर मात्र उबुंटूचे पीपीए (लोकांनी स्वतंत्रपणे चालवलेले साठे) जोडूच नका. आज चालल्यासारखं वाटलं तरी पुढच्या अपग्रेडला पॅकेजांचा असा गुंता होतो की नव्याने इन्स्टॉल करणं सोपं वाटतं.

स्क्रीन शेअर होत नाही, कीबोर्डचे शॉर्टकट चालत नाहीत, अशा तक्रारींत आणखी एक गोष्ट आडवी येते: पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा वेलँड की एक्स११? जुनी उत्तरं बहुतांशी एक्स११ ची आहेत. उबुंटूवर आता वेलँड असतं, मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये अजून मुख्यतः एक्स११. हे न बघता तासभर शोधत बसणारे पुष्कळ आहेत.

समोरचा इशारा न वाचणं

२०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप इन्स्टॉल करायला घेतलं. पॅकेजमधल्या एका चुकीमुळे एपीटी हे पॅकेजं टाकणारं-काढणारं साधन अख्खा डेस्कटॉप काढायला निघालं होतं. त्याने तसं लिहून दाखवलं आणि पुढे जायचं असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितलं. सेबॅस्टियनने ते केलं आणि डेस्कटॉप उडाला. पुढे एपीटीतच बदल झाला, आता नुसतं वाक्य टाइप करून असं करता येत नाही. पण काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी आजही समोर येते आणि आजही ‘वाय’ दाबून पुढे जायची सवय सुटत नाही. एक पॅकेज टाकताना चाळीस निघत असतील तर थांबा. ती यादी कॉपी करून ठेवा, मदत मागताना तोच सर्वांत मोलाचा पुरावा असतो.

चॅटबॉटने दिलेल्या आज्ञांनाही हाच नियम. आज्ञेचा अर्थ समजावून घ्यायला तो उपयोगी पडतो. पण अस्तित्वात नसलेलं पॅकेज किंवा पर्यायही तो आत्मविश्वासाने सुचवतो. ‘सुडो’ने (ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या आज्ञेने) सुरू होणारी ओळ चिकटवण्याआधी त्या आज्ञेचं मॅन पेज (अंगभूत माहितीपान) उघडून तो पर्याय खरंच आहे का, एवढं तरी बघा.

‘लिनक्स चालत नाहीये, प्लीज हेल्प’

व्हॉट्सॲपवर असा निरोप आणि सोबत मोबाइलने काढलेला तिरपा, चमकणारा फोटो. यावर कुणी काय सांगणार? फोटोतला मजकूर शोधता येत नाही, कॉपीही करता येत नाही. मजकूरच पाठवा. मिंटमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं की सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते. बाकी ठिकाणी ‘इनक्सी’ ही आज्ञा वापरा, आणि त्याला ‘झेड’ हा पर्याय जोडा म्हणजे मॅक ॲड्रेस, सिरीयल नंबर यांसारखी खासगी माहिती झाकली जाते. मशीन अडकून बळजबरीने बंद करावं लागलं असेल, तर ‘जर्नलसीटीएल’ला ‘-बी -१’ देऊन आधीच्या बूटची नोंद काढा. आताच्या बूटची नोंद पाठवून उपयोग नसतो, कारण बिघाड तिच्यात नाहीच.

डेस्कटॉप मराठीत ठेवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. एररही मराठीत येते, आणि त्या वाक्यावर शोध घेतला तर हाती काही लागत नाही. आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ (सगळी अक्षरं कॅपिटल) जोडलं की त्या एका आज्ञेपुरता निरोप इंग्रजीत येतो. शोध त्यावर घ्या, डेस्कटॉपची भाषा बदलायची गरज नाही.

मूळ प्रश्न विचारा, मनाशी ठरवलेला उपाय नव्हे. ‘ग्रब (सुरू होताना सिस्टीम निवडायचा मेनू) पुन्हा कसं टाकू?’ असं विचारलं तर लोक ते सांगतील. खरी गोष्ट ‘विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचा पर्याय दिसत नाही’ ही असेल, तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदलूनच काम झालं असतं. आधी काय चालत होतं, कशानंतर थांबलं, आतापर्यंत काय करून पाहिलं, हे तीन-चार वाक्यांत लिहा. एकाच वेळी सहा गटांत टाकू नका. आणि सुटलं की कशाने सुटलं तेही लिहून ठेवा. नुसतं ‘झालं, थँक्स’ पुढच्याच्या काही कामाचं नाही.

मथळा वाचून घाबरणं, किंवा हुरळणं

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात लपवलेलं मागचं दार (मशीनमध्ये गुपचूप शिरायची वाट) उघडकीला आणलं. एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढता काढता तो तिथे पोचला होता. प्रकरण खरोखरच गंभीर होतं. पण बाधित आवृत्त्या दोनच: ५.६.० आणि ५.६.१. त्या डेबियनच्या चाचणीच्या टेस्टिंग-अनस्टेबल शाखांत, फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांत आणि काही रोलिंग (सतत अपडेट होत राहणाऱ्या) डिस्ट्रोंत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल, उबुंटूच्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या आणि मिंट यांत त्या नव्हत्याच. तरीही त्या आठवड्यात साधे मिंट वापरणारे फॉरमॅट करायला निघाले होते. अशा वेळी आवृत्ती तपासा आणि आपल्या डिस्ट्रोची सुरक्षा सूचना वाचा. डेबियनची डीएसए, उबुंटूची यूएसएन.

हुरळण्याचा प्रकार फोरोनिक्स या बातम्यांच्या साइटसारख्या ठिकाणी होतो. मायकल लॅराबेल २००४ पासून ते चालवतोय आणि काम पक्कं आहे, पण बातमी बहुधा उद्याच्या कर्नलची असते. ती वाचून लोक उबुंटूवर मेनलाइन (डिस्ट्रोने न बदललेला, अगदी नवा) कर्नल टाकतात. त्या बिल्डवर सही नसते, सिक्युअर बूट चालू असेल तर मशीन तो कर्नल घेतच नाही. उबुंटूचा एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल सहा-सहा महिन्यांनी तसाही पुढे सरकतो, तेवढं थांबा. डिस्ट्रोवॉच या साइटची क्रमवारी पाहून डिस्ट्रो बदलणारेही असतात. ती त्या साइटवरच्या पानांच्या भेटी मोजते, कोण काय वापरतं ते नाही. सखोल वाचायचं असेल तर एलडब्ल्यूएन ही बातम्यांची साइट घ्या. १९९८ पासून चालू आहे, आणि वर्गणीदारांसाठीचे लेख थोड्या दिवसांनी सर्वांना खुले होतात.

चुकवू नये अशी बातमी एकच, आणि तिला मथळा मिळत नाही: तुमच्या आवृत्तीची मुदत. उबुंटूच्या एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) पाच वर्षं, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मुदत संपलेल्या मधल्या आवृत्तीची पॅकेजं जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवली जातात आणि अपडेटला सगळीकडे ४०४ येऊ लागतो. लोक राउटर बंद-चालू करत बसतात. ब्राउझर व्यवस्थित चालतोय आणि फक्त अपडेट अडतंय, तर आधी आवृत्तीची तारीख बघा. मुदत संपली असेल तर होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच अपग्रेडला हात घाला.