गुदद्वाराची खाज : साबण, ट्यूब आणि लाज, या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यात आमच्या फोंड्यातल्या फार्मसीत एक ठरलेला प्रसंग घडतो. गिऱ्हाईक येते, खोकल्याच्या चार गोळ्या घेते, शेजारचा माणूस जाईपर्यंत उगाच काउंटरवर रेंगाळते आणि मग आवाज खाली आणून म्हणते, "ती खाजेची ट्यूब दे." खाज कुठे, असे विचारले की, "सांगपाक लज दिसता." एवढ्यावर मला कळते. वाईट याचे वाटते की यातले बरेच जण सहा-सहा महिने सोसत असतात आणि घरी रोज नेमके तेच करत असतात ज्याने खाज वाढते.

पहिली चूक साबणाची. खाज म्हणजे घाण, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. मग शौचानंतर साबण, आंघोळीला पुन्हा साबण, रात्री खाज सुटली की अँटिसेप्टिकचे पाणी. कोणी कडुनिंबाचा पाला उकळून घेते, कोणी लिंबू चोळते. तिथली कातडी पातळ असते, तिला घड्या असतात आणि संवेदना फार. साबणाने तिच्यावरचे तेल निघून जाते, ती कोरडी पडते, बारीक चिरा जातात. त्या चिरांना मळाचा कण लागला, घाम लागला की आग होते, खाज येते. माणसाला वाटते अजून नीट धुतले गेले नाही, म्हणून तो आणखी घासतो. हे चक्र मी इतक्या लोकांत पाहिले आहे की आता औषधाआधी साबणाचीच चौकशी करते.

बाजारातला एक मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाडे नेणारा, माझ्याकडे दर पंधरवड्याला ट्यूब न्यायचा. दिवसभर तापलेल्या सीटवर बसायचे, घाम यायचा, म्हणून तो दिवसातून चार वेळा साबण लावून धुवायचा. शिवाय संडासातल्या जेटचे पाणी पूर्ण जोराने मारायचा. मी त्याला एकच सांगितले, दोन आठवडे त्या जागेला साबण लावू नकोस. शौचानंतर कोमट किंवा साध्या पाण्याने हाताने हलके धू, मऊ सुती कापडाने टिपून घे, पुसू नकोस. मग झिंक ऑक्साइडचे साधे मलम किंवा पेट्रोलियम जेली, अगदी पातळ थर. घाम फार येत असेल तर कापसाचा छोटा बोळा तिथे ठेव आणि ओला झाला की बदल. तिसऱ्या आठवड्यात तो ट्यूब न घेता फक्त सांगायला आला की रात्री झोप लागते. सगळ्यांचे इतके सरळ सुटत नाही, पण सुरुवात इथूनच करावी.

सुगंधी ओले टिश्यू हीसुद्धा साबणाचीच बहीण. त्यांतल्या सुगंधाची आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांची ॲलर्जी होऊन खाज सुरू झालेले लोक आहेत. प्रवासात लागलेच तर साध्या पाण्याने भिजवलेला कापूस बरा.

ओल्या कपड्यांचा प्रश्न गोव्यात वेगळाच असतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर हवा दमट. दोरीवरची चड्डी वरून सुकलेली दिसते, पण शिवणीत ओल असते आणि आपण तशीच घालून ऑफिसला जातो. इस्त्री फिरवा. मुले फुटबॉल खेळून भिजलेल्या शॉर्ट्समध्येच घरभर हिंडतात, मोठी माणसे मिरामारच्या समुद्रात पोहून खाऱ्या पाण्याच्या कपड्यांत गाडी चालवत घरी येतात. आधी गोड्या पाण्याने अंग धुऊन कोरडे कपडे घाला. घट्ट नायलॉनपेक्षा सैल सुती बरे.

आता त्या ट्यूबकडे येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते.

लोक जी 'खाजेची ट्यूब' मागतात तिच्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधे एकत्र असतात : बुरशीवरचे, जिवाणूंवरचे आणि सोबत तीव्र स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती ट्यूब चांगली वाटते. बंद केली की खाज दुपटीने येते, माणूस पुन्हा लावतो. महिनाभरात कातडी कागदासारखी पातळ होते, लालसर होते, सहज फाटते. खाली गजकर्ण असेल तर स्टिरॉइड त्याला दाबत नाही, त्याचे रूप बदलते. त्याची कडा पुसट होते, ते जांघेतून मागे पसरते आणि डॉक्टरलाही ओळखायला जड जाते. 2018 साली केंद्र सरकारने तीव्र स्टिरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी नाही म्हटले की काही जण रागावतात, दुसऱ्या दुकानात जातात. तरी नाहीच म्हणते. सौम्य हायड्रोकॉर्टिसोन डॉक्टर कधी कधी देतात, तेही थोड्या दिवसांसाठी. बुरशी असेल तर नुसते बुरशीचे औषध लागते आणि डाग गेल्यावरही सांगितले तितके दिवस लावावे लागते. मूळव्याधीच्या मलमांतले बधिर करणारे औषधसुद्धा काहींना बाधते, त्याचीच ॲलर्जी होऊन खाज टिकून राहते.

लहान मूल रात्रीच खाजवते, झोपेत तळमळते, असे असेल तर आधी जंतांचा विचार करा. पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे हे जंत असतात, मादी साधारण सेंटीमीटरभर. रात्री मूल झोपल्यावर ती गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिले तर कधी कधी डोळ्यांनी दिसते. सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून ती डॉक्टरांकडे नेली तर अंडी तपासता येतात.

इथे आयांची एक चूक हमखास होते. "शाळेत दिली होती की गोळी!" राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारीला, 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल मिळते, ते घ्यायलाच हवे. पण या सुती जंतांना एक गोळी पुरत नाही. औषध जंत मारते, अंड्यांवर फारसे चालत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावा लागतो, नाहीतर आजीच्या अंथरुणातून नातवाला पुन्हा होते. गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचे मूल यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नखे कापा, सकाळी उठल्यावर मुलाला आंघोळ घाला, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुवा. अंडी कपड्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात.

खाण्याबद्दल थोडेच. तिखट, चहा-कॉफी, बिअर, फेणी, टोमॅटो, आंबट, चॉकलेट यांनी काहींची खाज वाढते, सगळ्यांची नाही. सगळे एकदम सोडून उपाशी राहू नका. दोन आठवडे एक-दोन गोष्टी बंद करून पाहा, फरक पडला तर कळेल. शौच पातळ होत असेल किंवा नीट पुसले जात नसेल, तर मैद्याचा पाव कमी करून अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, तांबडी भाजी (लाल माठ) वाढवा. मळ बांधून आला की जागा स्वच्छ राहते.

खाजवायचे नाही हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. जाग आली की थंड पाण्याने भिजवलेले कापड दाबून धरा, नखे आखूड ठेवा, झोपेत हात जातोच असेल तर सुती हातमोजे घाला.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते : रक्त दिसले की मूळव्याध असे स्वतःच ठरवून गप्प बसणे. चाळिशीपुढच्या माणसाला रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल, गाठ किंवा न भरणारी जखम हाताला लागत असेल, पू येत असेल, तर ट्यूब मागायची नाही, डॉक्टरकडे जायचे. मधुमेही माणसाला वारंवार बुरशी होते, त्यांनी साखरही तपासून घ्यावी. दोन-तीन आठवडे साबण बंद करूनही खाज थांबली नाही तरी जाच. जवळचे आरोग्य केंद्र चालते. फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा रुग्णालय, बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), कुठेही दाखवता येईल. तपासणी पाच मिनिटांची असते : कुशीवर झोपवून बाहेरून पाहतात, गरज पडली तर हातमोजा घालून बोटाने तपासतात. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर नोंदणीच्या खिडकीवर तसे सांगा. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. डॉक्टरांचे निम्मे काम त्यानेच होते.