पाकिटामागे किती उरतं? सामाजिक उद्योगाचा आराखडा लिहिताना या चुका टाळा

बचत गटांचे आणि नव्या सामाजिक उद्योगांचे, म्हणजे समाजाचा प्रश्न सोडवण्यासाठी काढलेल्या व्यवसायांचे, आराखडे वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. गावातली बेरोजगारी, स्थलांतर, कुपोषण यावर पानंच्या पानं असतात आणि विक्रीची किंमत कुठेच नसते. तळमळ खरी असते, म्हणूनच वाईट वाटतं. बँकेला किंवा देणगीदाराला प्रश्न बहुधा ठाऊकच असतो. तुमचा माल कोण, कितीला आणि पुन्हा पुन्हा का घेईल, हे त्यांना हवं असतं.

म्हणून सुरुवात एका पाकिटापासून करा. समजा, नाचणीच्या बिस्किटांचं पाकीट 60 रुपयांना विकायचं आहे. दुकानदाराचे 15 गेले. कच्चा माल 22, पॅकिंग 6, ताईंची मजुरी 12. उरले 5 रुपये. भाडं, वीज, वाहतूक, हिशेबनीस मिळून महिन्याला 40,000 खर्च असेल, तर फक्त तोटा टाळायलाच 8,000 पाकिटं खपायला हवीत. पंचवीस दिवस काम धरलं तर रोज 320. तुमच्या भट्टीतून तेवढी निघतात का? नसतील, तर किंमत, मार्जिन किंवा माल यांपैकी काहीतरी आत्ताच बदला, कर्ज घेतल्यावर नाही.

याच हिशेबात सर्वांत घातक चूक लपलेली असते: मजुरीच न धरणं. ‘सुरुवातीला ताई विनामोबदला करतील’ असं लिहिलेलं असतं. ज्यांच्या उत्पन्नासाठी उद्योग काढायचा, त्यांच्याच घामावर नफा दाखवायचा, हे मला मान्य नाही. स्वतःचा पगारही लिहा.

दुसरी चूक उधारीची. दुकानदार पैसे दीड महिन्यानं देणार, मजुरी मात्र शनिवारी द्यायची. वरच्या उदाहरणात मालावर 3,20,000 आणि इतर 40,000 असा महिन्याला 3,60,000 खर्च आहे. म्हणजे दीड महिन्याला 5,40,000 रुपये खेळतं भांडवल हवं. आराखड्यात यंत्राची किंमत असते, ही रक्कम नसते. मग ऑर्डर असूनही काम थांबतं.

खर्च आटोक्यात कसा ठेवायचा, याचं उदाहरण लिज्जतचं. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचं काम सुरू केलं. पुढे पीठ केंद्रात मळायचं, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन पापड लाटून आणायचे, अशी पद्धत बसली. लाटायला वेगळी जागा लागली नाही. खर्चाची अशी मांडणी हाच आराखड्याचा गाभा असतो.

नोंदणीही विचार न करता ठरवली जाते. सेक्शन 8 कंपनीला (कंपनी कायद्यातल्या ना-नफा कंपनीला) नफा सभासदांत वाटता येत नाही, तेव्हा तिथे गुंतवणूकदाराला लाभांशाचं आश्वासन देऊ नका. उलट, नफ्यासाठीची प्रायव्हेट लिमिटेड काढून उत्पन्नात सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो, निधीही धरू नका. तो राबवण्यासाठी सेक्शन 8 कंपनी, ट्रस्ट किंवा सोसायटी लागते. शेतकऱ्यांना मालक करायचं असेल, तर उत्पादक कंपनीचा विचार करा.

आणि ‘500 महिला सक्षम करू’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा: किती जणींना, वर्षात किती दिवस काम, आणि हातात किती रुपये. आज त्यांना किती मिळतात, हे पहिल्याच आठवड्यात घरोघरी जाऊन वहीत टिपून ठेवा. वर्षानं तुलना करायची म्हटलं, तर ती वही नंतर बनवता येत नाही.