शून्य कचरा गट काढताय? आधी माणसं बघा

शून्य कचऱ्याचा, म्हणजे पुरायला-जाळायला शक्यतो काही उरू न देणारा गट काढायचा ठरला की पहिली बैठक तीन गोष्टींतच संपते: गटाचं नाव काय, बोधचिन्ह कसं आणि अध्यक्ष कोण. माझं ऐकाल तर तिन्ही पुढे ढकला. मी आमच्या गटाची वही आणि वजनकाटा सांभाळते, त्यामुळे भाषणांपेक्षा नोंदींवर माझा भरवसा जास्त. कल्पना चुकली म्हणून गट बंद पडल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. होतं असं की दोघं-तिघं सगळं ओढत असतात, त्यातलं एक आजारी पडतं, दुसऱ्याची बदली होते आणि चार दिवसांत खताच्या पेटीला वास सुटतो. वास सुटला की तक्रार येते, आणि पहिल्या तक्रारीला धावून जाणारं कोणी नसलं की पेट्या उचलल्या जातात. म्हणून इथे मी कचऱ्यापेक्षा माणसांबद्दल जास्त लिहिणार आहे. कोण लागतं, ते सापडतं कसं आणि एकाने सुट्टी घेतली तरी बाकीच्यांचं अडू नये अशी कामाची वाटणी कशी करायची, एवढंच.

सभा नको, मोजणी ठेवा

सभेत "कोण कोण काम करणार?" विचारलं की भराभर हात वर होतात. त्या हातांवर जाऊ नका. त्याऐवजी कचऱ्याची मोजणी लावा आणि ज्यांनी हात वर केले त्यांना तिथे बोलवा.

काही घरं निवडायची, त्यांचा रोजचा कचरा सलग सात दिवस गोळा करायचा. सात यासाठी की सुट्टीच्या दिवसाचा कचरा आणि कामाच्या दिवसाचा कचरा यांत बराच फरक असतो. एकाच दिवसाच्या मोजणीवरून काढलेला निष्कर्ष तुम्हालाच फसवेल. मोठी ताडपत्री, जाड हातमोजे, मास्क, चिमटे, बादल्या आणि एक काटा लागतो. रिकाम्या बादलीचं वजन आधी लिहून ठेवा, नाहीतर आठवडाभर बादलीच मोजत बसाल. ढीग साधारण असे करा: ओला, कागद-पुठ्ठा, काच, धातू, विकलं जाणारं प्लॅस्टिक, कोणीच न घेणारं प्लॅस्टिक, कापड, बॅटऱ्या आणि वायरी. सॅनिटरी कचरा, सुया, औषधं असलेली पिशवी उघडायची नाही. बंद पिशवीचंच वजन घ्यायचं.

आता ढिगांकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघा. कोणी न सांगता खाली बसतं आणि हात घालतं. कोणी पाकीट उलटसुलट करून आत चंदेरी थर आहे का ते बघतं, बोटांनी फाडून पाहतं, कागद आणि प्लॅस्टिक सुटं होतंय का ते तपासतं. कोणी म्हणतं, "परत वजन करा, मघाशी बादली काठाला टेकली होती." हे तिघं हातचे जाऊ देऊ नका. कडेला उभं राहून फोटो काढणाराही पुढे कामाला येतो, पण पेटीची किल्ली त्याच्याकडे देऊ नका.

मोजणीतून पहिली नेमणूकही ठरते. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात जगभरच्या शहरी कचऱ्यात अन्न आणि हिरवा कचरा ४४ टक्के, कागद-पुठ्ठा १७ टक्के आणि प्लॅस्टिक १२ टक्के दिलं आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, यावेतच. पण ओला कचरा सर्वांत जड निघाला, आणि बहुधा तोच निघतो, तर सुरुवात प्लॅस्टिकच्या निषेधापासून न करता खतापासून करा.

खताला दोन माणसं, एक नव्हे

गटातलं सर्वांत महत्त्वाचं पद हे, आणि त्याला कोणी पद मानत नाही. इथे उत्साही माणूस नको, नेमाचा हवा. रोज ठरल्या वेळी पेटी उघडणारा, पाच-दहा मिनिटं देणारा आणि गावाला जाताना दुसऱ्याला सांगून जाणारा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोघांना नेमा आणि दोघांकडे किल्ली द्या. एकाच हुशार माणसाकडे सगळं दिलंत तर त्याच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्याबरोबरच सुट्टीवर जातं.

त्यांना शिकवायचं फार नसतं. ओल्याच्या प्रत्येक थरावर कोरडं घालायचं: वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. पुस्तकात कार्बन (तो कोरड्यात जास्त) आणि नायट्रोजन (तो ओल्यात जास्त) यांचं प्रमाण साधारण ३० ला १ लिहिलेलं असतं. ते रोज मोजायला कोणी बसत नाही, नाकाने कळतं. डोळ्यांत जाणारा, झोंबणारा अमोनियाचा वास आला तर कोरडं कमी पडलंय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, उकरून वरखाली करा. ओलावा बघायला मूठभर माल घट्ट दाबा: बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब डोकावला तर ठीक, धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कमी. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं की बरेचसे रोगजंतू आणि तणांचं बी मरतं, त्यासाठी लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. छोट्या पेटीत एवढी उष्णता धरत नाही. तिथे खत मुरायला वेळ द्या, घाई करू नका.

हे सगळं पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा. वही घरी राहते, झाकण राहत नाही.

दारावर कोण जाणार

इथे बहुतेक गट सर्वांत चांगल्या वक्त्याला पाठवतात. मी पाठवणार नाही. वक्ता पृथ्वीपासून सुरुवात करतो आणि समोरच्याचं दूध गॅसवर असतं. दारावर ऐकून घेणारं माणूस हवं. "तुमच्याकडे डबे ठेवायला जागा कुठे आहे?" असं विचारणारं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहणारं. एका भेटीत एकच गोष्ट सांगायची: आज फक्त ओला वेगळा. सुक्याचे प्रकार पुढच्या भेटीत.

इटलीतल्या कापान्नोरी गावाची गोष्ट याच कारणासाठी वाचण्यासारखी आहे. रोसानो एर्कोलिनी हे तिथले प्राथमिक शाळेचे शिक्षक. कचरा जाळण्याच्या प्रकल्पाला विरोध करताना त्यांनी पर्यायही मांडला, आणि २००७ मध्ये शून्य कचऱ्याचं धोरण स्वीकारणारं ते युरोपातलं पहिलं गाव ठरलं. एर्कोलिनींना २०१३ चा गोल्डमन हा पर्यावरणासाठीचा पुरस्कार मिळाला. पण मला त्यात जास्त आवडतो तो भाग वेगळाच: दारोदार कचरा घेण्याची पद्धत सुरू करण्याआधी तिथे बैठका झाल्या आणि डबे-पिशव्या घरोघरी पोचवायला स्वयंसेवक गेले. म्हणजे नियम येण्याआधी माणूस दारात आला. नंतर त्यांनी उरलेला कचराही उघडून तपासला. त्यात कॉफीच्या कॅप्सूल, म्हणजे यंत्रात घालायच्या एका कपापुरत्या डब्या, वारंवार सापडल्या, तेव्हा त्यांनी नागरिकांना दोष देण्याऐवजी बनवणाऱ्यांशी बोलणं सुरू केलं. दारावर जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगा, कारण ज्या वस्तूचं काहीच करता येत नाही तिच्यासाठी घरातल्या माणसावर रागावून उपयोग नसतो.

कचरा वेचणारे हे गटाचे सदस्य

याबद्दल मी जरा हट्टी आहे. कोणता पुठ्ठा विकला जातो, कोणत्या बाटलीचं झाकण वेगळ्या जातीच्या प्लॅस्टिकचं असतं, ओला झालेला कागद भंगारात का चालत नाही, हे कचरा वेचणाऱ्यांइतकं कोणालाच माहीत नसतं. तरीही बैठकीत त्यांना शेवटी चहाच्या वेळी बोलावतात. पहिल्या बैठकीपासून बोलवा, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून बैठकीची वेळ ठेवा आणि पैशांचं आधी बोला. सुक्याच्या विक्रीचे पैसे कोणाचे? गटाने स्वतःच विक्री सुरू केली तर ज्यांचं पोट त्यावर चालतं त्यांचं काय? माझं मत विचाराल तर विक्री त्यांची, आणि गोळा करण्याचा मोबदला त्याशिवाय वेगळा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली; मालक आणि काम करणारे तेच. असं उदाहरण समोर असताना "मजूर लावू" हा शब्द वहीत येऊ देऊ नका.

दुरुस्तीवाले, आणि एक कुरकुरणारा

दुरुस्तीचा दिवस ठेवा, त्याने ज्यांना कचऱ्यात रस नाही असे लोकही येतात. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरवला. पद्धत साधी: मोडलेली वस्तू घेऊन या, जाणकारासोबत बसा, दोघं मिळून दुरुस्त करा. 'सोबत बसा' हे विसरू नका, नाहीतर निवृत्त इलेक्ट्रिशियनचं फुकटातलं दुकान होतं आणि तो पुढच्या वेळी येत नाही. विजेच्या वस्तू परत देण्याआधी तपासायची जबाबदारी एकाच जाणत्यावर ठेवा.

आणि प्रत्येक बैठकीत "हे चालणार नाही" म्हणणारा जो असतो, त्याला काढू नका. त्याला आकडे तपासायला बसवा. कुरकुर करणारी माणसं बेरजा मन लावून करतात.

हिशेब आणि बैठका

माझा विषय असूनही थोडक्यात सांगते. वहीत रोज चार रकाने: तारीख, ओला किती किलो, सुका किती, उरलेला किती. चौथा वाढायला लागला तर कारण शोधा. पैशाच्या हिशेबावर दोघांच्या सह्या, आणि महिन्याचा कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी. बैठक तासाभरात संपवायची; उभ्याने घेतली तर आणखी लवकर संपते.

'शून्य' या शब्दावरून वाद होणारच. झीरो वेस्ट इंटरनॅशनल अलायन्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या व्यवस्थेत साधारण ९० टक्के कचरा पुरण्या-जाळण्यापासून वाचवणं ही कसोटी धरतात. जपानच्या कामिकात्सू गावाने २००३ मध्ये जाहीर केलं होतं की २०२० पर्यंत जाळणं-पुरणं बंद. लोक स्वतः केंद्रावर येऊन चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा करतात, चुकलं तर सांगायला तिथे माणसं असतात, आणि तरी २०२० ला मजल ८० टक्क्यांच्या आसपास होती. उरलेल्यात डायपर आणि अनेक थर चिकटवलेल्या वस्तूंसारखं बरंच असं असतं, जे मुळातच वेगळं व्हायला बनवलेलं नसतं. गटातल्या तरुण मंडळींना हे आधीच सांगून ठेवा. शंभर टक्क्यांच्या हट्टाने सर्वांत आधी तेच थकतात.

बदली माणूस

प्रत्येक कामाची मुदत ठरवा, सहा महिने पुरे. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा माणूस जुन्याबरोबर काम करेल. जुन्याने फक्त उभं राहायचं, हात लावायचा नाही. हे जमायला जड जातं, विशेषतः गट काढणाऱ्यांना. त्यांनी वर्षातून एकदा तरी मुद्दाम पंधरा दिवस लांब राहावं आणि फोन उचलू नये. परतल्यावर काय काय अडलं त्याची यादी करायची, आणि जिथे जिथे "त्यांनाच विचारावं लागलं" असं लिहिलं असेल ते काम पुढच्या महिन्यात दोघांना शिकवायचं. किल्ल्या कोणाकडे किती आहेत तेही त्याच पानावर लिहा.