स्पार्कस्टेशनवर ड्रायव्हर शिकायचे असतील तर

ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) शिकायचे म्हणून मुलं थेट लिनक्सचा आजचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उघडतात आणि आठवड्याभरात दमतात. त्यांचा दोष नाही. लॅपटॉपमधलं साधं वाय-फाय कार्ड घ्या. ड्रायव्हर हजारो ओळींचा, अर्धं काम बंद फर्मवेअरच्या आत, आणि चिपचं मॅन्युअल बाहेरच्या माणसाला बघायलाही मिळत नाही. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आतल्या छोट्या संगणकांवर, काम करतो. टीममध्ये नवीन कुणी आलं की मी त्याला एक आडवळणाची वाट सुचवतो: सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन ५ हे जुनं वर्कस्टेशन आणि त्यावर नेटबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. ऐकणारा आधी हसतो. हसू दे.

हे यंत्र १९९४ सालचं. मायक्रोस्पार्क-२ प्रोसेसर, ७० ते ११० मेगाहर्ट्झ. पुढे १७० मेगाहर्ट्झचा टर्बोस्पार्कही आला. मेमरी फार तर २५६ एमबी. कार्डांसाठी एसबस ही सनची स्वतःची बस (कार्डं यंत्राला जोडणारी वाट), तिचे तीन स्लॉट. बाकीची बहुतेक उपकरणं दोनच चिपांत कोंबलेली आहेत: एकीत स्कझी (डिस्कची जोडणी), इथरनेट आणि पॅरलल पोर्ट, दुसरीत सिरियल, कीबोर्ड-माऊस, फ्लॉपी, टायमर आणि इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) कंट्रोलर. सगळ्या यंत्राचा नकाशा वहीच्या एका पानावर काढता येतो. शिकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

नेटबीएसडीच का? कारण बाकीचे एकेक करून गळाले. सनच्या सोलारिसने दहाव्या आवृत्तीत ३२ बिट स्पार्क, म्हणजे या यंत्राच्या प्रोसेसरचं घराणं, सोडलं, डेबियननेही सोडलं, ओपनबीएसडीची ५.९ ही २०१६ची आवृत्ती ३२ बिट स्पार्कसाठी शेवटची ठरली. नेटबीएसडी १० मात्र २०२४मध्ये आली आणि तीही या यंत्रावर चालते. ही नुसती हौस नाही. त्यांच्या कोडची मांडणीच अशी आहे की जुनी यंत्रं सांभाळणं परवडतं, आणि ती मांडणी हाच आपला अभ्यासक्रम.

सुरुवात ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीपासून करा. यंत्र चालू झालं की ओपनबूट हे फर्मवेअर जागं होतं आणि 'ओके' असा प्रॉम्प्ट देतं. एसबसच्या कार्डावर एक छोटा रॉम असतो, त्यात फोर्थ भाषेतला एफकोड. फर्मवेअर तो चालवतं आणि कार्ड स्वतःची ओळख सांगतं: माझं नाव हे, माझे रजिस्टर (मला हुकूम देण्याच्या जागा) इथे, माझा इंटरप्ट हा. या माहितीचं एक झाड तयार होतं. 'शो-डेव्ज' ही आज्ञा दिली की ते झाड पडद्यावर येतं. एखाद्या फांदीवर जाऊन विचारलं की तिथले गुणधर्म दिसतात. कर्नल बूट होताना हेच झाड हातात घेतो आणि प्रत्येक फांदीपाशी थांबून विचारतो, 'हिला सांभाळणारा ड्रायव्हर माझ्याकडे आहे का?'

नव्या माणसाची मुलाखत घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: अमुक उपकरण अमुक पत्त्यावर आहे, हे कर्नलला कळतं कसं? 'प्रोब होतो', म्हणजे कर्नल उपकरण चाचपून बघतो, हे उत्तर सगळे देतात. प्रोब कुणी केला, कशाच्या आधारावर केला, इथे बोलती बंद होते. पीसीआय या बसवरच्या कार्डाला विचारलं तर ते स्वतःचा क्रमांक सांगतं, पण एआरएम (मोबाइलमध्ये असतात त्या प्रोसेसरांचं घराणं) चिपवरचा साधा सिरियल पोर्ट काहीच सांगत नाही. म्हणून तिथे डिव्हाइस ट्री लागतो, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे हे लिहिलेली फाइल. तिचं मूळ सनच्या ओपनबूटमध्ये आहे. ओपनबूटवरून १९९४मध्ये आयईईई १२७५ हे प्रमाण ठरलं, तिथून ती पद्धत पॉवरपीसी लिनक्समध्ये गेली आणि २०११च्या आसपास एआरएमवर आली. आज एम्बेडेडच्या कामात डिव्हाइस ट्रीतल्या ज्या 'कंपॅटिबल' ओळीवर, म्हणजे ड्रायव्हर जुळवणाऱ्या नावावर, दिवस जातो, तिची आजी 'ओके' प्रॉम्प्टवर भेटते.

आता प्रत्यक्ष कोड. पहिला ड्रायव्हर म्हणून मी सीजीथ्री या सनच्या ग्राफिक्स कार्डाचा घ्यायला सांगतो. आठ बिट रंगांचा साधा फ्रेमबफर, कसलंही ॲक्सिलरेशन नाही: मेमरीत बाइट लिहा, पडद्यावर ठिपका उमटतो. ड्रायव्हर दोन फाइलींत विभागलेला आहे. 'डेव्ह/सन' या फोल्डरमध्ये गाभा, 'डेव्ह/एसबस'मध्ये बसशी जोडणी. आधी जोडणीची फाइल उघडा. त्यात मॅच आणि अटॅच अशी दोन फंक्शनं आहेत. मॅच अगदी चिमुकलं आहे. झाडावरच्या फांदीचं नाव 'सीजीथ्री' किंवा 'सीजीआरडीआय' आहे का, एवढंच ते तपासतं. यातलं दुसरं नाव आरडीआय कंपनीच्या स्पार्क लॅपटॉपमधलं. हो, स्पार्कचे लॅपटॉपही निघाले होते. जुळलं तर अटॅच चालतं. ते रजिस्टर मॅप करतं, पडद्याची रुंदी-उंची आणि एका रांगेत किती बाइट हे फर्मवेअरकडून विचारून घेतं आणि बाकीचं गाभ्याकडे सोपवतं.

मग एक प्रयोग करा. कर्नलच्या कॉन्फिग फाइलमध्ये सीजीथ्रीची ओळ बंद करा, कन्सोल सिरियलवर ठेवा, कर्नल बांधून बूट करा. बूटच्या संदेशांत जिथे एरवी '११५२ बाय ९००' असं दिसायचं, तिथे आता स्लॉट आणि ऑफसेटसह 'नॉट कॉन्फिगर्ड' येईल. उपकरण जागेवर आहे, फर्मवेअरने त्याचं नाव सांगितलं आहे, पण 'माझं' म्हणणारा ड्रायव्हर नाही. 'हार्डवेअर सपोर्ट नाही' या वाक्याचा सगळा अर्थ त्या ओळीत आहे. नव्या बोर्डावर काही चालत नसेल तर मी आजही पहिल्यांदा अशीच ओळ शोधतो.

दुसरा धडा एचएमई या इथरनेट चिपचा, आणि माझ्या मते सगळ्या वाटेवरचा सगळ्यात मोलाचा. ही चिप सनच्या एसबस कार्डांवर आली आणि पुढे अल्ट्रा ५ सारख्या यंत्रांत पीसीआयवरही आली. नेटबीएसडीत चिपचा ड्रायव्हर एकच, 'डेव्ह/आयसी'मध्ये. बसच्या जोडण्या दोन, वेगळ्या. स्पार्क बिग-एंडियन आहे, पीसीआय लिटल-एंडियन, म्हणजे एकाच संख्येचे बाइट दोघे उलट क्रमाने ठेवतात. रजिस्टर वाचताना ही उलटापालट बस-स्पेस नावाचा थर परस्पर सांभाळतो. पण मेमरीत ठेवलेले डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठे आहे याच्या नोंदी) चिप स्वतः येऊन वाचते, तिथे तो थर मध्ये नसतो. म्हणून ड्रायव्हरमध्ये 'पीसीआय आहे का' असा एक झेंडा ठेवलेला आहे आणि डिस्क्रिप्टर लिहिणारे मॅक्रो तो बघून बाइट उलटवतात. ते मॅक्रो शोधून काढा आणि शांतपणे वाचा. आयुष्यभर फक्त इंटेलवर काम केलेल्या माणसाच्या ड्रायव्हरमध्ये हा बाइट-क्रमाचा घोळ वर्षानुवर्षं दडून राहतो, कारण इंटेलही लिटल-एंडियन, तिथे उलटवायला विसरलं तरी सगळं चालतं. स्पार्कवर पहिल्या पॅकेटलाच बिंग फुटतं.

डीएमएचंही, म्हणजे उपकरणाने मेमरी परस्पर वाचण्या-लिहिण्याचंही, तसंच. स्पार्कस्टेशन ५मध्ये आयओएमएमयू आहे, म्हणजे उपकरणाला दिसणारा पत्ता आणि मेमरीचा खरा पत्ता वेगळे. बस-डीएमएची फंक्शनं न वापरता प्रत्यक्ष पत्ता चिपच्या हातात दिला तर काम होणारच नाही. आजच्या एआरएम सर्व्हरांत हेच एसएमएमयू या नावाने समोर येतं.

जुनं यंत्र विकत घ्यायला लगेच धावू नका. क्यूईएमयू हा प्रोग्रॅम स्पार्कस्टेशन ५ची नक्कल करतो, पर्याय दिला तर सीजीथ्रीसुद्धा दाखवतो, आणि वरचा पहिला प्रयोग त्यावर फुकटात होतो. कर्नल बांधायचं कामही आपल्या लॅपटॉपवरच करा. नेटबीएसडीची 'बिल्ड डॉट एसएच' स्क्रिप्ट लिनक्सवर बसून स्पार्कसाठीचा कंपायलर आणि कर्नल दोन्ही बांधून देते.

खरं यंत्र हातात आलंच तर थोडी डोकेफोड ठरलेली. माझं एका कॉलेजच्या डेडस्टॉकमधून आलं, भंगाराच्या भावात. पुण्यात त्या काळी सनची बरीच यंत्रं होती. सी-डॅकचा १९९८चा परम १०००० हा महासंगणकही सनच्याच अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा होता. मॉनिटरच्या मागे धावू नका, सनचा १३डब्ल्यू३ जोड आजच्या कुठल्याच मॉनिटरला बसत नाही. कीबोर्ड काढून ठेवला की यंत्र आपोआप पहिल्या सिरियल पोर्टवर बोलू लागतं, ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही. यूएसबीची सिरियल वायर आणि नल-मोडेम (दोन यंत्रं थेट जोडणारी उलटसुलट वायर) एवढ्यात भागतं. मूळ स्कझी डिस्क बहुधा गेलेली असते, तिच्या जागी एसडी कार्डवाला ब्लूस्कझी लावतात.

आणि एनव्हीरॅम, म्हणजे यंत्र बंद असतानाही सेटिंग जपणारी चिप. त्याची बॅटरी चिपच्या पोटातच असते आणि आतापर्यंत ती मेलेली असतेच. मग यंत्र चालू होताना 'आयडीप्रॉम अवैध' म्हणून ओरडतं, कारण इथरनेटचा पत्ता तिथेच साठवलेला असतो. तो 'ओके' प्रॉम्प्टवर 'एमकेपी' या आज्ञेने एकेक बाइट करून भरता येतो: आधी ०१, मग यंत्राचा प्रकार ८०, मग सनच्या ०८:००:२० ने सुरू होणारा सहा बाइटांचा पत्ता, मग तारीख आणि होस्ट-आयडी. सोळावा बाइट म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सॉर (बिट वेगळे तर १, सारखे तर ०). तो कागदावर हाताने काढा. बॅटरी बदलेपर्यंत हे दर वेळी करावं लागेल. काही जण चिपचं वरचं आवरण घासून बाहेरून नाण्यासारखी बॅटरी डकवतात. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल तरच या फंदात पडा.

नेटवर्कवरून बूट करणार असाल तर एक गोम ठाऊक हवी. यंत्र आरएआरपी या प्रोटोकॉलने आपला आयपी पत्ता विचारतं आणि मग टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलवर त्याच पत्त्याच्या हेक्स (१६ च्या पटीतल्या) रूपाच्या नावाची फाइल मागतं. म्हणजे १९२.१६८.१.५ साठी 'सी०ए८०१०५' आणि पुढे टिंब देऊन 'सन४एम'. इंग्रजी अक्षरं सगळी कॅपिटल. नाव एका अक्षराने चुकलं तरी यंत्र चकार शब्द न काढता वाट बघत राहतं. सर्व्हरवर टीसीपीडंप हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन लावलं की ते नक्की काय मागतंय ते दिसतं.

सीजीथ्री आणि एचएमई वाचून झाले की यंत्रातला स्वतःचा इथरनेट, म्हणजे एलई घ्या. त्याचा लान्स हा गाभा व्हॅक्स आणि एचपीच्या जुन्या यंत्रांनाही चालतो, तो आता झरझर वाचता येईल. स्कझीचा ईएसपी मात्र शेवटी. त्याचं इंटरप्ट रूटीन लांबलचक आहे, कमांड, डेटा, स्टेटस, मेसेज अशा फेजांमधून उड्या मारत जातं, आणि स्कझीचा प्रोटोकॉल शेजारी उघडा ठेवल्याशिवाय त्यातलं एक पानही उलगडत नाही.