क्रांतीच्या वार्ताहरांचं दुर्मीळ लेखन जपताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ग्रंथालयशास्त्र शिकणारी आणि इतिहासात एम.ए. करणारी मुलं मला अधूनमधून विचारतात, की क्रांत्या जवळून पाहून लिहिणाऱ्या परदेशी डाव्या पत्रकारांचं जुनं लेखन जपण्याच्या कामात शिरायचं कसं? एकेकाला सांगण्यापेक्षा जे माहीत आहे ते सगळं एकदाच लिहून ठेवते.

मी सोलापूरची. आमच्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव शाळेपासून कानावर असतं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती आणि त्यामागे अ‍ॅग्नेस स्मेडली या अमेरिकन पत्रकार बाईंची खटपट होती, हे पुढे कॉलेजात वाचलं. मग त्यांची पुस्तकं शोधायला लागले. यादीत नाव सापडायचं, कपाटात पुस्तक नसायचं. या कामात मी आले ती अशी.

हे लेखन दुर्मीळ का झालं ते आधी नीट समजून घ्या, कारण कुठे शोधायचं याचं उत्तर त्यातच असतं. अमेरिकन पत्रकार जॉन रीड १९१७ च्या रशियन क्रांतीच्या वेळी पेत्रोग्रादमध्ये असताना पत्रकं, वर्तमानपत्रं, भिंतीवरच्या जाहीर सूचना गोळा करत होते. १९१८ च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत परतले तेव्हा सरकारने हा सगळा संग्रह जप्त केला आणि नोव्हेंबरपर्यंत परत दिला नाही. कागद हाती पडल्यावर त्यांनी झपाट्याने पुस्तक लिहून काढलं आणि 'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' १९१९ मध्ये बाहेर आलं. लेनिनने त्याला प्रस्तावना लिहिली, तरी स्टालिनच्या राजवटीत हेच पुस्तक सोव्हिएत संघात वर्षानुवर्षं छापलं गेलं नाही. त्यात क्रांतीचे पुढारी आणि पुढे स्टालिनचे विरोधक ठरलेले ट्रॉट्स्की जागोजाग आहेत आणि स्टालिन जवळपास नाहीतच. रीड ज्या 'द मासेस' मासिकात लिहीत, त्याचा ऑगस्ट १९१७ चा अंक अमेरिकन टपालखात्याने न्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी ते मासिक बंद पडलं. स्मेडलींची पुस्तकं मॅकार्थीच्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत, ग्रंथालयांतून काढून टाकली गेली. चीनमधल्या एका खेड्यातली जमीनवाटप नोंदवणारे अमेरिकन लेखक विल्यम हिंटन १९५३ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या टिपणांच्या पेट्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्या सोडवायला त्यांना काही वर्षं कोर्टात झगडावं लागलं आणि त्या टिपणांवरचं 'फानशेन' छापून यायला १९६६ उजाडलं.

म्हणजे हे लेखन दोन्ही बाजूंनी पुसलं गेलं. ज्यांना क्रांती नको होती त्यांनी पुसलं आणि ज्यांनी क्रांती केली त्यांनीही पुसलं. त्यामुळे कुठलीही एक 'अधिकृत' आवृत्ती पुरेशी आहे असं या क्षेत्रात कधीच धरून चालू नका. दुसरीही एक गोष्ट यातून हाती लागते. सरकारने जप्त केलेला कागद बहुतेक वेळा फेकला नाही. त्याला क्रमांक देऊन, फाइलला बांधून ठेवला. ब्रिटिश सरकारने भारतात बंदी घातलेल्या छापील साहित्याचे मोठे संग्रह आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर १९२९ ते १९३३ चाललेल्या मीरत कट खटल्यात आरोपींच्या घरांतून उचललेली पुस्तकं, पत्रं आणि नियतकालिकं पुरावा म्हणून दाखल झाली. त्या काळात मुंबईतल्या कामगार पुढाऱ्यांच्या हातात परदेशी मजकूर कोणता पोहोचत होता, हे आज आपल्याला कळतं ते त्या दाव्याच्या कागदांमुळे.

आता कामाकडे वळते. सुरुवातीला एकच लेखक धरा. 'रशियन क्रांतीवरचे सगळे वार्ताहर' असा विषय घेतलात तर हाती काही लागणार नाही. मी स्मेडली घेतल्या, आणि भारतातून काम करणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी असं माझं आजही मत आहे, कारण त्यांचा धागा आपल्यापर्यंत येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय आणि इतर भारतीय क्रांतिकारकांच्या सहवासात त्या घडल्या. १९१८ मध्ये याच कामासाठी त्यांना अटक झाली. पुढे बर्लिनमध्ये भारतीय क्रांतिकारक वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांबरोबर त्यांनी काही वर्षं संसार केला. कोटणीसांचं पथक १९३८ च्या सप्टेंबरअखेर हांखौला पोहोचलं तेव्हा स्मेडलीही त्याच शहरात होत्या.

त्यांच्या पुस्तकांची यादी कुणालाही सहज करता येईल. 'डॉटर ऑफ अर्थ' १९२९ चं, 'चायनीज डेस्टिनीज' १९३३ चं, 'चायनाज रेड आर्मी मार्चेस' १९३४ चं, 'चायना फाइट्स बॅक' १९३८ चं, 'बॅटल हिम ऑफ चायना' १९४३ चं, आणि जू दे यांचं चरित्र 'द ग्रेट रोड' त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये आलेलं. खरं काम याच्या पुढे सुरू होतं. पत्रकाराचं निम्म्याहून अधिक लेखन पुस्तकात येतच नाही. स्मेडली जर्मनीतल्या 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'साठी लिहीत, 'मँचेस्टर गार्डियन'साठी लिहीत, आणि आपल्याकडे कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'तही लिहीत. म्हणून कार्डं करा किंवा स्प्रेडशीट करा, पण प्रत्येक लेखाची वेगळी नोंद ठेवा : कुठे छापला, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, पुढे कुठल्या पुस्तकात आला का, आणि आला तर तसाच आला की बदलून. यातला शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि कामाची खरी किंमत त्या रकान्यातच आहे. मूळ कागदपत्रांसाठी मोठी संस्था गाठावी लागते. स्मेडलींचे कागद अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत, रीड यांचे हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत, चीनवर लिहिणारे अमेरिकन पत्रकार एडगर स्नो यांचे कॅन्सस सिटीत मिसुरी विद्यापीठाकडे. पण तिथे पत्र लिहिण्याआधी तुमची यादी तयार हवी. नेमका प्रश्न विचारला तर तिथले लोक मनापासून मदत करतात.

नावांच्या बाबतीत सावध राहा. एडगर स्नो यांच्या पत्नी हेलन फॉस्टर स्नो यांनी 'निम वेल्स' या नावाने लिहिलं. जुन्या पुस्तकांत जू दे यांचं नाव 'चू तेह' असं आणि चिनी कम्युनिस्टांचं केंद्र असलेलं यानान 'येनान' असं छापलेलं असतं. आज वापरात असलेलं एकच स्पेलिंग घालून सूचीत शोधलंत तर अर्धं साहित्य नजरेतून सुटेल. भारतात मध्यंतरी घाऊक प्रमाणावर जुन्या इंग्रजी पुस्तकांचं स्कॅनिंग झालं. त्यांतल्या कित्येक फायलींवर शीर्षकच चुकीचं टंकलेलं आहे. म्हणून लेखकाच्या नावाने मिळालं नाही तर प्रकाशकाच्या नावाने आणि वर्षाने शोधून पाहा.

आवृत्त्यांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही. स्नो यांचं 'रेड स्टार ओव्हर चायना' घ्या. १९३६ मध्ये ते सरकारी नाकेबंदी ओलांडून कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या बाओआनला गेले, माओंशी अनेक रात्री बोलले आणि १९३७ मध्ये लंडनला गोलान्झ यांनी पुस्तक काढलं. १९३८ मध्ये अमेरिकेत रँडम हाउसची आवृत्ती आली. कम्युनिस्ट पक्षाकडून टीका झाल्यावर त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीत स्टालिन आणि कॉमिन्टर्न या मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेबद्दलची काही बोचरी वाक्यं स्नो यांनी गाळली. १९३८ मध्येच शांघायला चिनी भाषांतर निघालं, ते सेन्सॉरच्या नजरेतून सुटावं म्हणून प्रवासवर्णन वाटेल अशा नावाने. १९६८ मध्ये टिपा आणि भर घालून वाढवलेली आवृत्ती आली, आणि नंतरच्या वाचकांच्या हाती बहुधा तीच पडते. आता सांगा, 'रेड स्टार जपलं' म्हणजे नेमकं काय जपलं? १९३७ ची आणि १९३८ ची प्रत शेजारी ठेवून वाचली, की एका पत्रकारावर कुठून आणि कसा दाब येत होता ते ओळीओळीत दिसतं. एकच फाइल ठेवून बाकीच्या 'डुप्लिकेट' म्हणून काढून टाकणाऱ्या ग्रंथपालाने हा पुरावाच नष्ट केलेला असतो. म्हणून माझा आग्रह आहे, की नोंदीत आवृत्ती, छपाई, प्रकाशक आणि शहर हे चारही आल्याशिवाय पुस्तक स्कॅनरजवळ नेऊच नका.

लेफ्ट बुक क्लबची नारिंगी कापडी, मऊ बांधणीची पुस्तकं मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही कधीतरी निघतात. गोलान्झ यांनी हा क्लब १९३६ मध्ये सुरू केला आणि त्याची पुस्तकं फक्त सभासदांना स्वस्तात मिळत. अशी प्रत दिसली तर आत काय खोचलेलं आहे ते पाहा. क्लबचं पत्रक, एखादी पावती, वाचकाने समासात लिहिलेली टीप, वाचनालयाचा शिक्का, हे सगळं प्रतीचाच भाग आहे. माझ्या लेखी सोलापुरातल्या गिरणीभागातल्या वाचनालयाचा शिक्का असलेली फाटकी प्रत ही लंडनच्या कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची, कारण पुस्तक कुणाच्या हातात गेलं ते ती सांगते.

कागदाचं म्हणाल तर परिस्थिती कठीण आहे. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त. त्यात युद्धकाळातली छपाई असेल तर आणखी वाईट. पानं पिवळी पडून पापडासारखी मोडतात. अशा पुस्तकाला सपाट स्कॅनरवर दाबून पालथं घालू नका. ९० ते १०० अंशांपर्यंतच उघडेल अशा व्ही आकाराच्या आधारावर ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने टिपा. सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा गोंद कागदात मुरतो आणि डाग जन्माचा राहतो. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात, पण हे हात बसलेल्या माणसाकडून शिकल्यावरच करा. गंजलेल्या स्टेपलच्या टाचण्या काढायच्या, त्याही ओढून नाही, पाय सरळ करून. लॅमिनेशनचा विचारही नको. कोकणातली दमट हवा आणि वाळवी, कसर यांचा बंदोबस्त करायचा तर पुस्तकं भिंतीपासून सुटी, जमिनीपासून वर आणि वारा खेळेल अशा कपाटात हवीत.

स्कॅन करताना ४०० डीपीआय रंगीत, मूळ फाइल टिफमध्ये, वाचायला वेगळी पीडीएफ. मुखपृष्ठ, कोरी पानं, मागच्या जाहिराती, नकाशे, काहीही वगळू नका. बांधीव खंडांत तर आधी हेच तपासा, कारण पूर्वी बांधणी करताना मासिकांची मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, केलंत तरी तपासून घ्या. जुन्या जर्मन वर्तमानपत्रांतली गॉथिक वळणाची अक्षरं त्यासाठी वेगळं प्रशिक्षण दिल्याशिवाय संगणकाला वाचता येत नाहीत. फायलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बिघडली की बदलणारा आकडा, नोंदवलेला. वर्षातून एकदा तो जुळवून बघायचा.

कायदा माहीत असायलाच हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. रीड १९२० मध्ये गेले, तिथे अडचण नाही. स्मेडली १९५० मध्ये गेल्या, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मोकळं. 'द ग्रेट रोड' मरणोत्तर आलं, त्याची ६० वर्षं १९५६ च्या प्रकाशनापासून मोजायची. अ‍ॅना लुईस स्ट्राँग (रशिया-चीनवर लिहिणाऱ्या अमेरिकन पत्रकार) १९७० मध्ये आणि स्नो १९७२ मध्ये गेले, त्यांचा हक्क अनुक्रमे २०३० आणि २०३२ च्या अखेरपर्यंत आहे. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा, तो निराळा धरा. हक्क शिल्लक असला तरी ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडची छापील प्रत जतनासाठी डिजिटल रूपात साठवायला २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. साठवणं आणि सर्वांना खुलं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

स्ट्राँग यांचं नाव निघालं म्हणून सांगते. त्यांनी सोव्हिएत सामुदायिक शेतीची भलामण केली. याच शेतीधोरणाच्या काळात, १९३३ मध्ये, युक्रेनमधला दुष्काळ स्वतः फिरून पाहून लिहिणारे गॅरेथ जोन्स वेल्सचे होते आणि ते डावे नव्हते. मी दोघांचंही जपते, आणि शेजारी शेजारी ठेवते. स्ट्राँग यांच्यावर पुढे १९४९ मध्ये मॉस्कोनेच हेर असल्याचा आरोप ठेवून त्यांना बाहेर काढलं. आपल्याला लेखक आवडतो म्हणून त्याच्या चुकीच्या बातम्या मागे ढकलायच्या, किंवा आवडत नाही म्हणून अख्खा माणूसच वगळायचा, हे दोन्ही करणाऱ्याने या कामात येऊ नये असं मला स्पष्ट वाटतं.

शिक्षणासाठी बी.लिब., एम.लिब. उपयोगी आहेच. पण कागद हाताळायला शिकायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रशिक्षण संस्थेतली अभिलेख व्यवस्थापनाची पदविका किंवा पुस्तकदुरुस्तीचे छोटे अभ्यासक्रम पाहा. लखनौची सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळाही प्रशिक्षण देते. केवळ या विषयावर पगार देणारी नोकरी मिळणं अवघड आहे. आमच्यातले बहुतेक जण महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत, कुणी डिजिटायझेशन कंपनीत, कुणी संशोधन प्रकल्पावर, आणि हे काम त्यासोबत चालतं. एक परदेशी भाषा नीट शिका. रशियन, चिनी, जर्मन, स्पॅनिश, यांतली कुठलीही चालेल, कारण इंग्रजीत आलेला मजकूर मोठ्या ग्रंथालयांनी बऱ्यापैकी टिपला आहे. हरवतंय ते इतर भाषांतलं.

पहिला सराव म्हणून तुमच्या शहरातल्या सर्वात जुन्या वाचनालयात जा आणि १९२० च्या दशकातल्या 'मॉडर्न रिव्ह्यू'चे बांधीव खंड आहेत का विचारा. असतील तर एका वर्षाची अनुक्रमणिका ओळीओळीने वाचा, परदेशी वार्ताहरांचा प्रत्येक लेख पानासकट उतरवून घ्या, मुखपृष्ठं बांधणीत राहिली आहेत का ते लिहा, समास कापले गेलेत का तेही लिहा. खंडाची अवस्था वाईट असेल तर त्याच दिवशी ग्रंथपालांच्या कानावर घाला आणि नोंदीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या.